दसऱ्याचं होल्स्टर

ज्या वस्तूवर मी अख्खी दुपार दोन्ही अंगठे दाबत बसले होते, ती भरलेली होती.

माझे बाबा न्हावा शेव्याकडच्या एका गोदामात सुरक्षा अधिकारी होते. निवृत्तीनंतर आई गेली आणि ते गावचं घर बंद करून खांदा कॉलनीत माझ्याकडे राहायला आले. सोबत दोन बॅगा आणि परवान्याचं रिव्हॉल्व्हर. मला ते घरात अजिबात नको होतं, पण बोलायची सोय नव्हती. ते गेलं की आपण नुसते म्हातारे उरू, असं त्यांना वाटत असावं.

दसऱ्याला ते त्याची पूजा करत. आदल्या संध्याकाळी काडतुसं काढून स्टीलच्या वाटीत ठेवायची, रिव्हॉल्व्हर तेल लावून पुसायचं आणि सकाळी दोन्ही पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. वाटी भरलेली म्हणजे रिव्हॉल्व्हर रिकामं, हे आमच्या घरात मी लहान असल्यापासून ठरलेलं. वाटी बघितल्याशिवाय आई मला पाटाजवळ फिरकू द्यायची नाही.

यंदा रिव्हॉल्व्हर कमरेला अडकवायच्या जुन्या होल्स्टरने मान टाकली. शिवण उसवली, रेक्झिनचे पापुद्रे गळायला लागले. मी म्हटलं, नवीन मी करते, चामड्याचं. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या बाईला चामड्यातलं काय कळतं? काहीही नाही. चार व्हिडिओ बघितले आणि शहाणी झाले. ऑनलाइन मागवलेल्या चामड्याचा पहिला तुकडा कापला तोच उलटा, डाव्या कमरेचा. बाबा तो कमरेला धरून घरभर फिरले.

"आता ह्या वयात डावखुरा होऊ का काय मी?"

मला हसूही आलं आणि रागही. दुसऱ्या तुकड्यावर टाक्यांच्या खुणा करायला मी जेवणाचा काटा वापरला. दोन सुयांनी शिवताना बोटांची चाळण झाली, तरी शिवण वाकडीच आली.

शेवटचं काम दसऱ्याच्या दुपारी, श्रीखंड-पुरीनंतर. शिवलेलं होल्स्टर कोमट पाण्यात भिजवायचं, आत रिव्हॉल्व्हर घालायचं आणि ओलं चामडं चहूबाजूंनी दाबत राहायचं. म्हणजे वाळल्यावर ते त्याच आकारात कडक होतं.

"बाबा, रिकामं आहे ना?" मी पाटावरून उचलताना विचारलं.

ते दुखावले. "वाटी दिसत नाय का तुला? अख्खी जिंदगी हेच केलं आमी."

वाटीत काडतुसं होती, वर हळदकुंकू. मी खजील झाले. रिव्हॉल्व्हर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, होल्स्टरमध्ये सारलं आणि बाल्कनीत फतकल मारून बसले. होल्स्टर गुडघ्यांत धरलेलं, नळी माझ्या पोटाकडे. ट्रिगरभोवतीचा आकार नीट उठला पाहिजे, असं व्हिडिओत बजावलं होतं. म्हणून तिथे सगळा जोर लावून अंगठे दाबले. मनात म्हणत होते, जमलं बाई एकदाचं.

संध्याकाळी बाबांनी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, पिशवी सोडवली आणि सवयीने चक्री उघडली. तिच्या एका घरात काडतूस होतं.

मी त्या काडतुसाकडे बघत होते. बाबा मात्र माझ्याकडे बघत होते.

"हे कुणी घातलं?"

घरात आम्ही दोघंच. ते खरोखर उत्तराची वाट बघत होते. काडतुसाने मला जेवढं घाबरवलं नव्हतं, तेवढं त्या प्रश्नाने घाबरवलं. मग त्यांनीच वाटी तळहातावर उपडी केली, बोटाने मोजलं, परत मोजलं.

"एक काढायचं राहिलं," ते म्हणाले. मग विचारलं, "तू कुठं दाबत होतीस?"

मी दाखवलं. त्यांनी माझे दोन्ही अंगठे आपल्या मुठीत घेतले आणि सोडेचनात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, नवं होल्स्टर कमरेला लावलं आणि मला रिक्षा बोलवायला सांगितली. पोलीस ठाण्यात रिव्हॉल्व्हर, काडतुसं, परवाना, सगळं टेबलावर ठेवलं. कारण विचारल्यावर म्हणाले, "मला आता मोजता येत नाय." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही. होल्स्टर तेवढं आम्ही परत आणलं.

दिवाळीच्या साफसफाईत मी माळ्यावरचं सामान उतरवत होते. बाबा आतून होल्स्टर घेऊन आले. चामडं दगडासारखं कडक झालं होतं, आत रिव्हॉल्व्हर असल्यासारखं फुगलेलं, तोंडाशी हळदीचा डाग. त्यांनी ते दोन्ही हातांनी जमिनीकडे रोखून धरलं होतं, माझ्यापासून लांब.

"रिकामं हाय ना गं हे?"

मी शिडीवरून खाली उतरले. "हो बाबा."

"वाटी बघितलीस?"

वाटी कधीच घासून फडताळात गेली होती.

"बघितली," मी म्हणाले. "भरलेली आहे."

तेव्हा कुठे त्यांनी होल्स्टर माझ्या हातात दिलं.