खंडेनवमीची काच

जवळा बाजारात वडिलांचं केशकर्तनालय होतं. खुर्ची एक, आरसे दोन, समोरासमोर. लहानपणी बाकावर बसून मी आरशातला आरसा बघत राहायची आणि वडील म्हणायचे, "डोळे फिरतील, ऊठ."

पुढं पीएच.डी.ला जे काम मिळालं, तेही दोन आरशांचंच. फक्त त्यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी, आणि मध्ये सेंद्रिय अर्धवाहकाचा थर. वीज वाहू शकणारा रंग म्हणा. आरशांत कोंडलेला प्रकाश आणि तो रंग एकमेकांत इतके मिसळले पाहिजेत, की वेगळे काढता येऊ नयेत. तसं झालं तर आलेखात एका खड्ड्याच्या जागी दोन दिसतात. पुढंमागं त्यातून कमी ऊर्जेत चालणारं लेझर होईल, अशी आशा होती. वडील दर सुट्टीत विचारायचे, "झालं का गं तुझं लेझर?" मी म्हणायची, "होऊन राहिलं."

ते काही होत नव्हतं. शिष्यवृत्तीचे सहा महिने उरले होते आणि एवढ्या वर्षांत धड जमलेली काच एकच होती, नखाएवढी. मोजायचं यंत्र दुसऱ्या शहरात. त्या काचेवर दोन खड्डे दिसले तर पदवी, नाही तर गाशा गुंडाळायचा. काच डबीत घालून निघाले आणि वाटेत सणासाठी घरी उतरले.

खंडेनवमीला आमच्याकडं औजारं पुजतात. वस्तरे, कात्र्या, कंगवे पाटावर मांडलेले होते. मी आंघोळ करून आले तर शेवटच्या कात्रीशेजारी माझी डबी, उघडी. काचेवर हळदीचं बोट. वरचा चांदीचा थर इतका नाजूक, की पुसायची सोय नाही.

"माय, काय केलंस हे!"

"काहून? औजाराला हळद लावत न्हाईत व्हय? तुझंच तेवढं राहिलं होतं."

मी नको ते बोलले. अडाणी म्हणाले, माझं वाटोळं केलंस म्हणाले. वडील कात्री हातात घेऊन उभे. आई पाट आवरायला लागली. त्या दिवशी मला तिची अजिबात दया आली नाही, हे खरं आहे.

मोजायला गेले. जांभळा प्रकाश पडला आणि पडद्यावर हिरव्याचा मोठा उंचवटा उठला. माझे मार्गदर्शकही तिथं आले होते, ते खुर्चीतून उठलेच. "अरे वा! हे तर नवीनच काहीतरी!" त्यांना इतकं खुश मी कधी बघितलं नव्हतं. क्षणभर वाटलं, असू दे की, कोणाला कळतंय? मग मीच म्हणाले, "सर, ती हळद आहे. जांभळ्या उजेडात हळद हिरवी चमकते." ते खाली बसले.

किरण सरकवत सरकवत हळद न लागलेल्या कडेला नेला. तिथं दोन खड्डे होते. उथळ, पण दोन. पदवी मिळाली. लेझर काही झालं नाही, पण काम पुढं चालू राहिलं.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम घरी गेले. पाटावर औजारं मांडून झाली होती. मी खिशातून डबी काढून कात्रीशेजारी ठेवली. आईनं हळदीचं बोट उचललं, तसंच धरलं आणि पदराला पुसलं.

"लाव की माय."

"नको बाई. खराब व्हतंय."

"न्हाई होत. रिकामीच काच हाय ही, तुझ्यासाठी आणली."

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. "रिकामी? मग पूजा कशाची करू?" म्हणाली आणि कंगव्याला हळद लावायला वळली.

माझे कान तापले. वर्षभर मी मनातल्या मनात तिला माफ करत होते, आणि आणली काय, तर खोटी काच! खरी आत पिशवीत होती, महिनाभराच्या कष्टाची, परवा मोजायची. ती आणली, डबी उघडून तिच्यासमोर धरली.

"इथं लाव. या कोपऱ्याला."

"ही खरी?"

"व्हय."

"मंग खराब व्हईल."

"होऊ दे एवढा कोपरा," मी म्हणाले.

तिनं बोट पुन्हा हळदीत बुडवलं, जास्तीची हळद वाटीच्या काठाला निपटली आणि श्वास धरून टेकवलं.