न उगवलेल्या चंद्राची संकष्टी

माझ्या एकवीस संकष्ट्या पुऱ्या झाल्या की वीसच, हे मला अजून कळलेलं नाही. गणपतीला ठाऊक असेल, पण तो बोलत नाही; आणि बायकोला विचारावं तर ती हसते. म्हणून झालं तसं लिहितो, निवाडा तुम्ही करा.

दोन वर्षांपूर्वी नीलिमाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि कुरळे होऊन परत आले. त्या दिवसांत अमेरिकेतल्या आमच्या गावी, फिनिक्सजवळच्या चँडलरच्या हॉस्पिटलबाहेर, पार्किंगमध्ये गाडीत बसून मी एकवीस कडक संकष्ट्या बोललो. साबुदाणा नाही, फळं नाही. पाणी आणि कोरा चहा. चंद्र दिसला की अर्घ्य, मग जेवण. नीलिमा म्हणाली, "गाठ माझी आणि उपाशी तू? डायबेटिसवाल्या माणसाने असले पराक्रम करू नयेत." पण मी हटलो नाही. डॉक्टरांना विचारून त्या दिवशीची साखरेची गोळी टाळायचो आणि रात्री अंगणात जाऊन चंद्राला हाक मारायचो. एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. एक जरी संकष्टी मोडली तर गाठ परत येईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

विसावी झाली आणि जूनमध्ये आम्ही नॉर्वेला निघालो. परतल्यावर तिचं स्कॅन होतं. त्याआधी दोघांनी जग पाहून घ्यावं, इतकाच विचार. फिनिक्सच्या उन्हात वाळलेला माणूस मी, थंड देशाचे सगळे धोके वाचून काढले. वाऱ्याने गाडीचं दार उखडतं, रस्त्यात रेनडिअर आडवे येतात, ओल्या खडकांवरून पाय घसरतो, डोंगरावर धुकं सांगून येत नाही. चार पानी यादी करून फ्रीजवर लावली. फक्त एक गोष्ट पाहायची राहिली. आम्ही जिथे उतरणार होतो तिथे चंद्र उगवतो का?

अगदी उत्तरेचं बेट, समुद्रकाठी लाकडी केबिन, आणि चोवीस तास सूर्य. झोपेचा पार बोजवारा उडालेला. संकष्टीच्या सकाळी, ती सकाळच होती असं धरून चालू, मी सवयीने गोळी गिळून बसलो. संध्याकाळी सातला फोनवर चंद्रोदय पाहिला, तर तिथे वेळेऐवजी नुसती आडवी रेघ. इतक्या उत्तरेला उन्हाळ्यात काही दिवस चंद्र क्षितिजावर येतच नाही म्हणे. पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, इथे आत्ताच उगवला. जेव की तू!" मी म्हटलं, "अरे, तो तुझा चंद्र." नीलिमा मागून ओरडली, "चंद्र एकच आहे ना?" मग चँडलरच्या गुरुजींना उठवलं नाही, कारण तिकडे सकाळचे दहा वाजले होते, पण पेचात मात्र टाकलं. ते बिचारे म्हणाले, "काका, माझ्याकडचं पंचांग इकडचं आहे. पण प्रकृती सांभाळा, देव समजून घेतो." मला ते पटलं नाही. माझ्या मते चंद्र उगवला होता, फक्त समोरच्या डोंगराआड अडकला होता.

नीलिमा आंघोळीला गेली तसा मी तांब्या भरून घेतला आणि निघालो. अंगात झब्बा, पायात सपाता. जॅकेट खुंटीवर, फोन चार्जिंगला, कुठे चाललोय हे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्याच यादीत पहिल्या पानावर हे सगळं ठळक अक्षरांत होतं.

अर्ध्या चढावर धुकं आलं. सांगून आलं नाही. आधी घाम फुटला, मग हात थरथरायला लागले, मग पायवाट कुठली आणि डोंगर कुठला ते कळेना. साखर उतरतेय हे समजत होतं, खिशात ग्लुकोजच्या गोळ्याही होत्या. मी एक बाहेर काढली, हातात धरली, आणि तोंडाशी नेऊन परत खिशात ठेवली. गाठ परत आली तर? एवढाच विचार डोक्यात भिरभिरत होता. खडकावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता म्हटलं, "बाप्पा, मला काही सुचत नाहीये. तूच बघ." त्याच क्षणी हातातून तांब्या सुटला आणि ठणठण करत खाली गेला. मी सोडला नव्हता. निदान मला तरी तसं आठवत नाही.

थोड्या वेळाने कुत्रा भुंकला आणि धुक्यातून सत्तरीच्या एक बाई आल्या. लाल जॅकेट, काखेत माझा तांब्या. मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, की खिडकीतून मला त्या कपड्यांत वर जाताना पाहिलं तेव्हाच त्या निघाल्या; धुक्यात चुकामूक झाली होती, पण आवाजाने कुत्रा ओढत घेऊन आला. त्यांनी डब्यातून घडी घातलेलं वॉफल, म्हणजे तिकडचं जाळीदार गोड धिरडं, काढलं, आत तपकिरी चीज. मी मान हलवली आणि आकाशाकडे बोट दाखवून म्हटलं, "मून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जशी आजारी पोराकडे आई पाहते. "नो मून टुडे," त्या म्हणाल्या. "काही दिवसांनी येईल. यू ईट नाऊ."

मी खाल्लं. ते चीज गोड होतं हो! खरपूस, थेट खव्यासारखं. डोंगरावर बसून मी ढसाढसा रडलो आणि दुसरं वॉफल मागितलं.

खाली नीलिमा वाटेवर उभी होती, पांढरीफटक. मी तिला सगळं सांगितलं, मनातली ती भीतीसुद्धा. तिने हातातलं माझं जॅकेट माझ्या अंगावर चढवलं. मग म्हणाली, "माझी गाठ तू दोन वर्षं अशी मुठीत धरून बसलायस? सोड आता. तिच्यासाठी डॉक्टर आहेत, देव आहे. मला तू हवायस."

त्या बाईंचे आभार कसे मानायचे ते समजेना, म्हणून तांब्याच त्यांना दिला. त्यांनी त्यात रानफुलं ठेवली.

परत आल्यावर, स्कॅनच्या दिवशी, मी त्याच पार्किंगमध्ये बसलो होतो. काही बोललो नाही, काही मागितलं नाही. हात नुसते मांडीवर उघडे ठेवले. रिपोर्ट चांगला आला. तो वीस उपासांनी आला, एका वॉफलने आला की डॉक्टरांच्या हातगुणाने, याचा गोंधळ माझ्या डोक्यात आजही आहे, आणि तो तसाच राहू दे असं वाटतं. पुढच्या संकष्टीला शेजाऱ्यांच्या छपरावर चंद्र आला तेव्हा मी पोटभर खिचडी खाऊन त्याची वाट पाहत होतो. नैवेद्याच्या ताटात मोदकांशेजारी मी तपकिरी चीजचा तुकडा ठेवला.

"बाप्पाला चालतं का ते?" नीलिमाने विचारलं.

"त्यानेच तर पाठवलं होतं," मी म्हटलं.