कैलासच्या गाडीचा आवाज

पौडला स्टँडच्या मागे माझं सायलेन्सरचं दुकान आहे. या धंद्यात माणसाला वेड लागत नाही ते केवळ नशीब म्हणून. गिऱ्हाइकाला आवाज हवा, ओढ हवी, ॲव्हरेज हवं, आणि सगळं एकाच नळकांड्यातून. पण कैलासनं मला जेवढं छळलं तेवढं कुणीच नाही.

कैलास माले गावचा. पहाटे गावातलं दूध पिकअपमध्ये गोळा करून नांदे गावातल्या एका मोठ्या सोसायटीत घरोघर घालतो. त्याचा सायलेन्सर सडून फाटला होता. त्या फाटक्या आवाजावरच गावातल्या बाया किटल्या घेऊन रस्त्यावर यायच्या. सोसायटीनं मात्र बजावलं, हा धडधडाट चालणार नाही, गेट बंद करू. ती घरं गेली तर दूध विकायचं कुणाला?

मी त्याला बंद, बिनआवाजाचा सायलेन्सर बसवून दिला. आठवड्यात स्वारी परत हजर.

"फिरोजभाई, ह्यो काय लावलाय? चढाला गाडी दम खातीया. आन् गाडी आल्याली कुनाला कळतच न्हाई. धोंडाबाईचं दूध काल दुसऱ्याच्या टेम्पोत गेलं!"

"मग हॉर्न वाजव की."

"गावावरनं धरनाकडं फिराया जानारा परत्येक जन हॉर्न वाजवतोय. त्याला कोन इचारतंय?"

"फोन कर."

"धार काढताना फोन कोन उचलंल?"

मग मोकळा लावला. गाडी चढाला पळाली, गाव दारात आलं, पण सोसायटीच्या वॉचमननं अडवलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी मी वैतागून पुन्हा बंद बसवला आणि त्याच्या अलीकडं पाइपाच्या जोडाला क्लॅम्प दिला, ढिला केला की आवाज तिथूनच बाहेर पडेल असा. गावात ढिला कर, गेटाआधी आवळ. तेव्हापासून हा गडी रोज रस्त्यात उताणा पडून तापलेल्या पाइपाशी झगडत होता. फोड त्याच्या हाताला, शिव्या मला. आणि त्या शिव्या मला पटायच्या, याचाच जास्त राग यायचा.

परवा क्लॅम्पचा बोल्ट झिजला म्हणून आला. तो गाडीखाली असतानाच एक नवीकोरी जीप येऊन थांबली. उतरलेले गृहस्थ म्हणाले, "मोकळा सायलेन्सर हवाय. लांबूनच कळलं पाहिजे कोण आलंय ते."

कैलास सरपटत बाहेर आला. बघतो तर सोसायटीचे सेक्रेटरी. गेट बंद करायची धमकी यांचीच.

"साहेब, ही गेटातनं कशी न्याल?"

"अरे, ही काय रोजची गाडी आहे? हौस आहे. फक्त वीकेंडला."

मला वाटलं, आता हा पाना फेकून मारतो. कैलास माझ्याकडं वळला. "फिरोजभाई, माजा मोकळा ठिवलाय न्हवं? त्योच माज्या गाडीला लावा." मग साहेबांना म्हणाला, "उद्यापास्नं मी आत येनार न्हाई. गेटाभाईर थांबतो. आवाज आला की भांडं घिऊन खाली या. आमच्या गावात लोकं तशीच येत्यात."

"आणि नाही आलो तर?"

कैलासनं पाना माझ्या हातात दिला. मी मोकळा सायलेन्सर उचलला आणि साहेबांना तसंच उभं ठेवून कैलासच्या गाडीखाली शिरलो.