हंगामी साहेबांची मंजुरी

शारजातल्या अल मजाजहून रास अल खैमापर्यंत रोज गाडी चालवायची म्हणजे करमणूक लागते. लोक रेडिओ लावतात. माझ्या गाडीत दाजू आणि भट्टीवाला होते.

आम्ही चौघं एकाच टाइल्सच्या कारखान्यात. मी पर्चेसमध्ये, गाडी माझी. शेजारच्या सीटवर दाजू. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ, आणि अख्खा प्लांट त्यांना तसंच हाक मारतो. मागे भट्ट्या सांभाळणारा त्यांच्याच गावाकडचा इंजिनिअर, आणि त्याच्या शेजारी रत्नागिरीचे आमचे डिस्पॅचवाले चाचा. चाचांचं म्हणणं एकच असायचं, की त्यांना झोपू द्यावं.

गेल्या वर्षी काठमांडूत तरुण पोरं रस्त्यावर उतरली, सरकार पडलं, संसदेची इमारत जळाली. राष्ट्रपतींनी सभागृहाबाहेरच्या, निवडून न आलेल्या व्यक्तीला हंगामी पंतप्रधान नेमलं. त्या दिवसापासून माझ्या गाडीत पडदा रोज सकाळी वर जायचा. मी आरसा जरा तिरका करून घेतला, म्हणजे भट्टीवाल्याचा चेहराही दिसावा. चांगल्या नाटकाला मागच्या रांगेतलं तिकीट काढू नये.

"घटनेत साफ लिहिलंय," दाजू समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणायचे. "पंतप्रधान सभागृहाचा सदस्य पाहिजे. नसेल तर तो पंतप्रधान नाही. संपलं."

"सभागृहात उरलंय काय दाजू? राख. राखेतून निवडून आणायचा का?"

"आज तुला आवडणारा माणूस या दारातून आत आला. उद्या याच दारातून एखादा जनरल येईल. तेव्हा दार बंद कर म्हणून कुणाला सांगशील?"

"आणि दार उघडलंच नसतं, तर तो जनरल त्याच रात्री आला असता."

भांडण हिंदीत चालायचं. फार तापलं की नेपाळीत जायचं, आणि मला नुसत्या आवाजांवर समाधान मानावं लागायचं. एकदा चाचांनी डोळे न उघडता तोंड घातलं. "अरे, सहा महिने चालतं. निवडून न येता सहा महिने बसता येतं. आमच्याकडे आहे तसं."

दाजू सीटबेल्ट ताणून मागे वळले. "चाचा, ते तुमच्याकडे. आमची घटना आमची आहे. तुम्ही इंडियावाले दुसऱ्याच्या घरात शिरता ते तुमची फूटपट्टी घेऊनच."

"सहा महिन्यांचं काय ते बघा एकदा," चाचा म्हणाले आणि झोपले.

घरी मी हे सगळं आवाज बदलून, उभं राहून सांगायचो. बायको हसायची. मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणायची, "बाबा, यू आर एन्जॉइंग धिस टू मच." बरोबर होतं तिचं.

एका सकाळी मात्र भट्टीवाल्यानं आवाज खाली आणला. आवाज खाली आला की मी वेग कमी करतो.

"दाजू, एक विचारू? तुम्हाला कुणी निवडलं?"

सांगायला हवं की आमचे स्पॅनिश मॅनेजर उन्हाळ्यात सुट्टीवर गेले ते परतलेच नाहीत, आणि एक ई-मेल येऊन दाजू अॅक्टिंग मॅनेजर झाले होते. ना मुलाखत, ना नेमणुकीचं पत्र. गल्फमध्ये हे अॅक्टिंग एकदा जडलं की वर्षानुवर्षं बरं होत नाही.

"ती कंपनी आहे," दाजू म्हणाले.

"आणि तो देश आहे. देशाला काम थांबवता येत नाही. कंपनीला तरी दोन दिवस थांबवता आलं असतं."

दाजूंचे कान लाल झाले. माझ्या बाजूचा एक मला पूर्ण दिसत होता.

भट्टीवाल्यानं हा डाव चुकीच्या वेळी खेळला. त्याच आठवड्यात त्यानं रजेचा अर्ज सिस्टीममध्ये टाकला होता. वर्षापूर्वी त्याचे वडील गेले होते. त्यांच्याकडे बाप गेला की मुलगा वर्षभर पांढरं घालतो, सणवार पाळत नाही, कपाळाला टिळा लावत नाही. वर्ष भरलं की बरखीचा विधी होतो आणि मग तो मोकळा होतो. आमच्याकडे युनिफॉर्म निळा, म्हणून हा हेल्मेटखाली पांढरी टोपी घालायचा. एकुलता एक मुलगा. तो पोचला नाही तर पाणी सोडायला दुसरं कुणी नव्हतं, आणि तिथी पुढे ढकलता येत नाही.

अर्ज नामंजूर झाला नाही. दाजूंकडे नुसता पडून राहिला. आधी एक दिवस, मग चार.

"दाजू, माझी रजा," तो गाडीत म्हणाला.

"मला अधिकार नाही."

"म्हणजे?"

"तूच विचारलंस ना, मला कुणी निवडलं म्हणून? विचार केला. तुझं बरोबर आहे. पक्का मॅनेजर येईल, तो बघेल."

मला मोठ्यानं हसायचं होतं, पण आरशात बघितलं आणि ते आलं नाही. भट्टीवाल्यानं टोपी काढून हातात धरली होती.

"विमानं भरत चालली आहेत दाजू."

"मग एक वाक्य बोल. या दोघांसमोर. काठमांडूतली नेमणूक बेकायदा आहे. एवढं बोल, प्लांटवर पोचताच मंजुरीचं बटण दाबतो."

चाचा पूर्ण जागे झाले. "काय हे, बापाचं कार्य आहे त्याचं. कशाला अडवतोस?"

"चाचा, तुम्ही झोपा," भट्टीवालाच म्हणाला. "बापाच्या बरखीला जायचं म्हणून खोटं बोलू? मग तिथं कुठल्या तोंडानं बसू?"

त्यानं वाक्य म्हटलं नाही. पोचताच तो सरळ एचआरच्या लेबनीज साहेबांकडे गेला. त्यांची केबिन काचेची आहे, आणि शेजारच्या प्रिंटरवर त्या दिवशी माझी बरीच कामं निघाली.

साहेबांनी दाजूंना बोलावलं. दाजूंनी शांतपणे तेच सांगितलं, की रीतसर नेमणूक नसताना दुसऱ्याची रजा मंजूर करणं नियमात बसत नाही.

"हबीबी," साहेब म्हणाले, "तू त्या खुर्चीत बसतोस ना? मग बटण दाब. दाबायचं नसेल तर खुर्ची सोड. खलास."

मला वाटलं आता दाजू वितळणार. दाजूंनी खिशातून मॅनेजरच्या केबिनची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर पडले. माणूस खरंच तसं मानत होता. इतके दिवस मी फुकट नाटक बघत होतो आणि नटाचे संवाद पाठ केलेले नव्हते, ते त्याचे स्वतःचे होते.

साहेबांनी किल्ली उचलली आणि समोर उभ्या भट्टीवाल्याच्या हातात दिली. "आजपासून तू अॅक्टिंग. यल्ला, कामाला लाग."

भट्टीवाल्याचा चेहरा उजळला, हे मी काचेतून बघितलं आहे. ती खुर्ची त्यालाही हवी होती. मग त्यानं रजेचं काढलं.

"रजा? अॅक्टिंग मॅनेजरला? प्लांट कोण बघणार?"

"मग मला नको ही किल्ली."

"मग जुन्याला परत आण. मला एक माणूस खुर्चीत पाहिजे. कुठला ते तुमचं तुम्ही ठरवा."

दाजू कँटीनमध्ये चहा पीत होते. भट्टीवाला समोर उभा राहिला. मी पुढच्या टेबलावर, भूक नसताना समोसा घेऊन.

"दाजू, परत बसा." त्यानं किल्ली चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"कुठल्या नियमानं?"

"नियम नाही. गरज आहे."

"हे तुझं वाक्य. माझं नाही."

"माझंच आहे. मी ते बदलणार नाही. तुम्ही माझ्या बापाच्या मयतीला आमच्या घरी आला होतात, तुम्हाला ठाऊक आहे माझ्याशिवाय तिथं कुणी नाही. एवढंच सांगायला आलो."

दाजूंनी चहा संपवला, घाई न करता. मग किल्ली घेऊन वर गेले. आम्ही दोघं मागोमाग. केबिनच्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आता मी जे करतोय ते बेकायदा आहे. मला माहीत आहे आणि तरी करतोय. तुझ्या लोकांनी काठमांडूत जे केलं, ते बेकायदा आहे हेही तुम्हाला कळत नाही. आपल्यात फरक तेवढाच आहे." आणि त्यांनी बटण दाबलं.

भट्टीवाल्यानं आभार मानले नाहीत. दाजूंनी अपेक्षाही केली नाही.

विमान शारजाहून होतं, म्हणून जायच्या दिवशी संध्याकाळी परतताना मीच त्याला विमानतळावर सोडलं. दाजू नेहमीसारखे शेजारच्या सीटवर होते. तो उतरला, डिकीतून बॅग काढली, टोपी नीट केली. दाजूंनी काच खाली केली.

"उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारणारा माणूस कुठल्या सरकारचा असेल, विचार केलास का?"

"तुम्ही नका येऊ दाजू. निवडून आलेला शिक्का तयार झाला की कळवतो."

"बापाचं नीट कर."

"करीन. तुमच्या परवानगीशिवायही केलं असतं."

"नसतं करता आलं," दाजू म्हणाले आणि काच वर केली. भट्टीवाला बॅग ओढत आत गेला.