परवाना थोरल्याचा, सुकाणू धाकट्याच्या हाती

कृष्णाकाठच्या त्या घाटाचं प्रकरण मी नोकरीत असताना कधी विसरलो नाही, आणि निवृत्तीनंतर तर ते जास्तच जवळ आलं आहे. खून नव्हता, दरोडा नव्हता. होडीच्या सुकाणूवर कोण बसतो, एवढाच प्रश्न होता.

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. नृसिंहवाडीच्या खालच्या अंगाला एका ठाण्यावर मी नवा फौजदार म्हणून रुजू झालो होतो. त्या भागात तेव्हा पूल नव्हता. माणसं, बैल, गुळाच्या ढेपा, सगळं होडीनं पार व्हायचं. पूर्वी होडी कोणी चालवायची ते गाव ठरवी. नव्या राजवटीत सुकाणू धरणाऱ्याला परवाना लागू झाला. मामलेदार कचेरीतला माणूस येऊन त्याची नजर तपासायचा, भरल्या होडीनिशी नदी पार करायला लावायचा. एका घाटाला एकाच्याच नावानं परवाना मिळे आणि तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. परवानेधारक स्वतः सुकाणूवर नसेल तर होडी सोडायची नाही, असा सक्त नियम होता. शेजारच्या तालुक्यात एका बिनपरवाना माणसाच्या हातून होडी उलटून माणसं गेली होती, म्हणून घाटांवर नजर ठेवायचं काम आमच्याकडे आलं होतं.

एका सकाळी गुळाची गाडी ठाण्यासमोर उभी करून गाडीवान आत आला. पाणी प्याला आणि म्हणाला, "साहेब, वरच्या घाटावर परवाना थोरल्या भावाचा हाय आन् सुकाणू धरतोय धाकटा. थोरला घाटावर न्हायच."

"कशावरून म्हणतोस?"

"अवो, थोरला होडी सोडताना हाळी द्यायचा, ती पल्याडच्या मळ्यात ऐकू यायची. ह्यो मुक्यावानी बसतोय. तोंडावळा सारखा असला म्हणून आवाज बी सारखा असतोय व्हय?"

बातमी देणाऱ्याचा हेतूही तपासावा लागतो. जमादारानं चौकशी केली. गाडीवानाचं घाटावर कुणाशी वाकडं नव्हतं. मग मी होडीवाल्याला ठाण्यात बोलावलं. त्यानं परवान्यावरचं नाव आपलं म्हणून सांगितलं. बापाचं, आजाचं नावही न अडखळता सांगितलं.

"धाकटा भाऊ कुठाय तुझा?"

"मुंबईला. बंदरात."

"पत्र येतं त्याचं?"

"न्हाय." एवढं बोलून त्यानं मान खाली घातली.

खोटं बोलणारा माणूस बहुधा गरजेपेक्षा जास्त बोलतो, असा माझा अनुभव होता. हा मोजकंच बोलत होता. गावचे पाटील साक्षीला आले ते आवाज चढवूनच. "आमच्या डोळ्यांम्होरं वाढलाय की ओ ह्यो! गाडीवानाचं खरं वाटतंय आन् पाटलाचं न्हाय व्हय तुमास्नी?" जबाब लिहून घेतला आणि सोडून दिलं.

पावसाळा सरला. पूर ओसरल्यावर, डांबर फासलेली होडी पुन्हा पाण्यात उतरवण्याआधी तिची पूजा व्हायची. परवानेधारक आणि त्याची बायको जोडीनं पूजेला बसत. पाटलांनी मलाही बोलावलं. "आज फौजदार म्हणून न्हाय, पावणं म्हणून या. निदान नारळावर तरी संशय घेऊ नगासा."

भटजींनी दोन पाट मांडले. थोरल्याची बायको येऊन एकावर बसली. होडीवाला मात्र होडीच्या टोकाला हात लावून उभाच राहिला. बाईनं ओच्यातून सुपारी काढली, शेजारच्या पाटावर ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. नवरा परगावी असला की त्याच्या जागी सुपारी ठेवतात, हे मला कुणी सांगायला नको होतं. भटजी मंत्र विसरले. पाटील माझ्याकडे बघेनात.

मी पूजा पुरी होऊ दिली. मग बाईला बाजूला बोलावून विचारलं, "हा उभा आहे तो कोण?"

"माजं धाकटं दीर."

"मग ठाण्यात सगळ्या गावानं सांगितलं ते?"

"तुमच्याम्होरं खोटं बोललो, साहेब. कृष्णामाईम्होरं कसं बोलू? दिराला पाटावर शेजारी बसवू व्हय?"

थोरल्यानं पहिल्या वर्षी स्वतः परीक्षा देऊन परवाना मिळवला होता. पुढच्या पावसाळ्यात तो घरात भांडून मुंबईला गेला, बंदरात काम धरतो म्हणून. त्यानंतर निरोप नाही. कचेरीतले अधिकारी बदलत गेले आणि नूतनीकरणाला धाकटाच थोरला म्हणून उभा राहत गेला.

"धाकट्याच्या नावावर रीतसर परवाना का नाही घेतला?"

"त्यासाठनं ह्यास्नी बेपत्ता म्हणून लिवून द्यावं लागतंय. मी न्हाय दिलं. जागा भरली म्हटल्यावर माघारी कशाला येतील? घाटाबिगर दुसरं काय येतंय त्यास्नी?"

हे सांगताना ती रडली नाही. पलीकडच्या काठाकडे बघत बोलत होती.

ठाण्यात पुन्हा जबाब सुरू केला. "नाव?" मी विचारलं. धाकट्यानं स्वतःचं नाव इतक्या मोठ्यानं सांगितलं, की ठाणे अंमलदारानं मान वर केली.

"परत सांगू का साहेब?" असं म्हणून त्यानं ते परत सांगितलंही. "लगीन जमत न्हवतं माजं. पोरगी बघाय गेलतो, तर पावणं इचारत्यात, तू थोरला का धाकटा? काय सांगायचं मी?"

जमादार हसला. पण बाई ओसरीवर उभी होती. तिनं आतलं सगळं ऐकलं होतं. "भावजी, त्यांचं नाव टाकलंसा?"

"टाकलं न्हाय, वैनी. त्याचं त्याला ठेवलं."

तोतयेगिरीचा खटला झाला. कोर्टानं किरकोळ दंडावर सोडलं. थोरल्याचा परवाना रद्द झाला, आणि त्यासाठी 'बेपत्ता' हा शेरा माझ्या अक्षरात गेला. धाकटा परीक्षा देऊन स्वतःच्या नावानं सुकाणूवर बसला. पुढं त्याचं लग्नही झालं. मी नियमाप्रमाणे वागलो होतो, आणि होडीत बसणाऱ्या माणसांसाठी तो नियम योग्यच होता, असं मी आजही मानतो.

पण बाईला मी शब्द दिला होता, की मुंबईच्या पोलिसांमार्फत शोध घेईन. एक पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. दुसरं पाठवायचं राहून गेलं आणि माझी बदली झाली. सामान घेऊन मी त्याच घाटावर होडीत चढलो, तेव्हा ती काठावर आली. "साहेब, मुंबईस्नं काय कळलं?"

"चौकशी चालू आहे," मी म्हणालो.

"चालू ऱ्हाऊद्या," ती म्हणाली. मी काही मोठं दान दिल्यासारखी तिनं मान हलवली. होडी सुटली. माझ्याच्यानं मागं बघवलं नाही.

त्यानंतरच्या नोकरीत बेपत्ता माणसाचं एकही प्रकरण मी पहिल्या पत्रावर सोडलं नाही. एवढं मी त्या घाटावर शिकलो, पण तिच्या उपयोगी पडेल अशा वेळी नाही.

आता मुलाकडे मुंबईला गेलो की मी बंदरावर जाऊन बसतो. साठी ओलांडलेला कुणी आपल्याकडचं बोलताना कानावर आला की उठून जवळ जातो आणि विचारतो, "कुठलं पावणं?" कुणी कागलचा निघतो, कुणी शिरोळचा. त्या घाटाचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. घेतलंच, तर त्याची जागा भरली हे मलाच सांगावं लागेल, कारण ती रिकामी आहे असं लिहून देणारा मी होतो. आणि काठावर एक माणूस ती जागा भरू देत नव्हतं, हेही सांगायचं आहे. त्यासाठीच जातो.