डॉक्टरांचं बोट

भर तपासणीत मी परक्या डॉक्टरांचा हात धरला होता, तोही नवऱ्यादेखत. माझ्याइतकी बावळट आई त्यांनी पुन्हा पाहिली नसेल. आज नातवाने खेळण्यातली लाकडी हातोडी आपटली आणि त्या ठक्क आवाजासरशी मी बारामतीच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत जाऊन पोचले.

चार वर्षांची माझी शालन बोलत नव्हती, म्हणून आमच्या वरकुटे गावाहून तिला दाखवायला आणली होती. ती फरशीवर ठोकळ्यांची रांग लावत बसली होती. समोर डॉक्टर तसल्याच खेळण्यातल्या हातोडीने खुंट्या ठोकत होते. एकाएकी हातोडी बोटावर बसली आणि ते कळवळले. झालं, मी शहाणी धावले. पदराचा बोळा केला, तोंडाच्या वाफेने गरम केला आणि त्यांचं बोट शेकायला लागले.

"अगं, हात सोड की त्यांचा," नवरा पुटपुटला.

"लागलंय त्यांना, दिसत न्हाय व्हय तुमाला?" मी फणकारले.

शालनची रांग मात्र क्षणभरही थांबली नव्हती. डॉक्टरांनी हळूच बोट सोडवून घेतलं. त्यावर साधा वळही नव्हता.

"ताई, मला काही लागलेलं नाही. मी कळवळल्यावर तुमची लेक एकदा तरी वर बघते का, तेवढंच मला बघायचं होतं."