झाशीच्या तळीला पाचवा माणूस

झाशीला मी देवासाठी गेलो नव्हतो. तिथल्या विद्यापीठातल्या परिषदेत मला गावतळ्यांवरचा माझा निबंध वाचायचा होता. सिन्नरकडच्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. त्या निबंधासाठी भर उन्हाळ्यात तालुक्यातली कोरडी तळी पायी हिंडलो होतो. परिषद नेमकी चंपाषष्ठीला आली. आमच्या घरी खंडोबाचं नवरात्र असतं, षष्ठीला वांग्याच्या भरिताचा आणि रोडग्यांचा नैवेद्य असतो आणि दुपारी तळी भरतात. भंडारा, खोबरं आणि विड्याची पानं ठेवलेलं ताम्हन पाच पुरुषांनी मिळून येळकोटाच्या गजरात तीनदा उचलायचं. वडील गेल्यापासून त्या ताम्हनाला पहिला हात माझा असतो. तळी उचलेपर्यंत आई तोंडात पाणीही घेत नाही.

निघताना आईला म्हणालो, "देव काय पळून जातोय का? धाकटा आहे, शेजारचे आहेत, उचला तुम्ही." ती ताम्हन घासत राहिली. तिच्या गप्प राहण्याला मी होकार समजलो, कारण तेच मला सोयीचं होतं.

परिषदेत काय घडलं ते आठवलं की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. सकाळी नाव नोंदवतानाच पिशवीबरोबर प्रमाणपत्र हातात दिलं. निबंध उत्तमरीत्या सादर केल्याबद्दल. सादर तर व्हायचा होता. मग पाहुणे उशिरा आले, हार झाले, शाली झाल्या, शाली देणाऱ्यांनाही शाली झाल्या. आमचं सत्र कधी येणार म्हणून संयोजकांना गाठलं, तर ते हसून म्हणाले, "सर, आपका पेपर पढ़ा हुआ मान लिया गया है।"

"मान लिया म्हणजे?" माझ्या तोंडून अर्धं मराठीच बाहेर पडलं.

"सर्टिफिकेट तो मिल गया न, सर? आप महाराष्ट्र से हैं, शाम को रानी साहिबा पर दो शब्द बोल दीजिए। मराठी में बोलेंगे तो और अच्छा लगेगा।"

राणीसाहेबांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण मी तळ्यांविषयी बोलायला आलो होतो. मी तसाच फाटकाबाहेर पडलो, ऑटोत बसलो आणि कुठे जायचं हे सुचेना म्हणून सदर बाजार म्हणालो.

बाजारात उतरतो न उतरतो तोच बायकोचा फोन आला. "अहो, आई ऐकत नाहीत. धाकटे भाऊजी आले, शेजारचेही सोवळं नेसून बसलेत. आई म्हणतात, थोरल्याचा हात तळीला लागल्याशिवाय उचलायची नाही. तुम्ही येईपर्यंत थांबणार म्हणतात. सकाळपासून थेंब नाही घेतला, साखरेची गोळीही नाही."

मी परवा घरी पोचणार होतो. आई मधुमेहाची. एकदा साखर उतरून ती देवघरातच कोसळली होती. भर बाजारात, लोणच्याच्या दुकानासमोर उभा राहून मी ओरडलो, "सांग तिला, तळी उचला म्हणावं. जो देव म्हाताऱ्या बाईला उपाशी मारतो त्याचं मला तोंडही बघायचं नाही." फोन ठेवला. ओरडलो ते रागाने की भीतीने, कोण जाणे. दोन्ही एकच असावं. जिच्यावर रागावलो तिला मीच सोडून आलो होतो.

शेजारी वांगी निवडत असलेले एक गृहस्थ माझ्याकडे बघत होते. कानटोपी, स्वेटर, हातात पातीच्या कांद्याची जुडी. म्हणाले, "माफ करा जी. आपण तळी म्हणालात ना?"

मी रागातच मान हलवली.

"आपण देशावरचे दिसता. आम्ही पिढ्यांपासून इथलेच मराठी. आमच्या घरी पण आज तळी आहे. माणूस एक कमी पडतोय. चुलतभाऊ मोठ गावाहून यायचा, तो रस्त्यातच अटकलाय, मंडीच्या ट्रॅक्टरांनी पूरा रस्ता जाम केलाय. आम्ही चौघंच. पाचवे आपण व्हाल का?"

खरं सांगतो, मला संताप आला. ज्या रूढीपायी माझी आई तिकडे निर्जळी बसली होती तीच हा अनोळखी माणूस इकडे माझ्यापुढे धरत होता. तसं मी बोललोही. ते गृहस्थ, त्यांना लोक भाऊसाहेब म्हणतात, जराही दुखावले नाहीत. "तर मग आमच्या घरून आईंना फोन लावा. बाजारात भांडण नीट होत नाही," एवढंच म्हणाले आणि स्कूटर चालू केली. मी मागे का बसलो, मला आजही सांगता येत नाही.

घर साधंच होतं, वरच्या मजल्यावरचं. पाटावर देवांचे टाक मांडलेले, ताम्हन भरून तयार. भाऊसाहेबांचे धाकटे भाऊ आणि दोघांचा एकेक मुलगा ताटकळत बसले होते. धाकटे म्हणाले, "दादा बैंगन आणायला गेले आणि माणूस घेऊन आले." भाऊसाहेबांच्या पत्नी, वहिनी, आतून म्हणाल्या, "दोन्ही लागतातच. आधी वांगी द्या इकडे."

मी आईला फोन लावला आणि पुन्हा चिडूनच बोलू लागलो. वहिनींनी पदराला हात पुसले आणि फोन सरळ माझ्याकडून काढून घेतला. "ताई, मी झाशीहून बोलते. आपला मुलगा आज आमच्याकडे तळीला बसतोय. नाही तर आमची तळी अडली होती, जी."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मग आईचा सुकलेला आवाज आला, "तुमच्याकडे भरितात पातीचा कांदा घालतात की नाही?"

"घालतात ना. बिना पातीचं कसलं भरीत."

"आणि रोडगे?"

"बाजरीचेच. इकडे बाजरी चांगली मिळते."

"मग बसू द्या त्याला तिथेच," आई म्हणाली. "त्याचा हात तळीला लागला की झालं. फोन बंद करू नका. आम्हीही इथे उचलतो."

डोक्याला रुमाल बांधून मी गुडघ्यावर बसलो. पाच हात ताम्हनाखाली गेले. माझा राग तसाच होता: संयोजकांवर, शालींवर, आईच्या हट्टावर, स्वतःवर, समोरच्या टाकातल्या देवावरही. शांत होऊन हात लावावा असं वाटलं, पण शांत होणं जमेना, आणि पलीकडे आई उपाशी होती. मग तसाच लावला. भाऊसाहेबांनी येळकोट म्हटला. फोनमधून माझ्या धाकट्या भावाचा आवाज आला, अर्ध्या श्वासाने मागे. तीनदा ताम्हन वर गेलं. मुलांना मराठी फारसं बोलता येत नव्हतं, पण येळकोटाचा एक शब्द त्यांच्याकडून चुकला नाही.

थोड्या वेळाने बायको म्हणाली, "पाणी घेतलं. गोळी घेतली. आता जेवतायत." तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडलो. वहिनींनी पान वाढलं आणि म्हणाल्या, "पहिले जेवा भैया. रडायला जेवणानंतर पण वेळ आहे."

त्या बाजारात मी दहा पावलं पुढे उतरलो असतो तर काय झालं असतं, यावर मी वाद घालत नाही. ती देवाची योजना होती की ट्रॅक्टरांची, मला ठाऊक नाही. परिषदेविषयीची माझी तक्रार मी दुसऱ्या दिवशी लेखी दिली आणि ती मागे घेतलेली नाही. आईला मात्र घरी येऊन माफी मागितली. ती म्हणाली, "त्यांना पुढच्या वर्षी माणूस पुरेल ना, तेवढं विचारून घे."

देवापुढे जायचं तर मन निर्मळ करून जावं, असं मी समजत होतो आणि ते होत नाही म्हणून टाळत होतो. त्या दुपारी त्याने माझं मन तपासलं नाही. त्याला एक हात हवा होता. माझ्याकडे तेवढाच होता, तो मी दिला, आणि माझी आई जेवली.